रंगीत काचेतलं तीर्थ

गेल्या श्रावणापासून माझ्या दुकानाच्या दारात एक पाटी आहे. ‘खाण्यापिण्याच्या आणि देवाच्या पाण्याच्या वस्तू रंगीत काचेत करून मिळणार नाहीत. वाद घालू नये.’ लोक पाटी वाचतात, चपला काढून आत येतात आणि वाद घालायला बसतात.

या अंकाच्या संपादकांचा फोन आला. म्हणाले, “ताई, काचकामातल्या गमतीजमती लिहा. वाचकांना घरच्या घरी काही करता यावं, खिडकीत टांगता यावं, असं काहीतरी हलकंफुलकं.” मी हो म्हटलं खरं, पण लिहायला बसले तर हलकंफुलकं काही येईना. एका एवढ्याशा मुलीला घरची माणसं रोज सकाळी देवाच्या नावानं शिसं पाजत होती, आणि ते शिसं त्या घरात पोचवणारा माणूस माझ्या हाताखाली शिकलेला होता. ते सांगितल्याशिवाय माझ्या जिवाला चैन पडायची नाही. पण ते कळायचं तर आधी काम कळायला हवं. म्हणून कामापासूनच सुरुवात करते.

सांगलीत आमचं फोटो फ्रेमचं दुकान. देवादिकांच्या तसबिरी, लग्नातले फोटो आणि गेलेल्या माणसांचे फोटो, तिन्ही वडील सारख्याच मन लावून मढवायचे. भाकरी थापायच्या आधी मी काच कापायला शिकले. रंगीत काच हातात आली ती मिरजेत. तिथल्या एका जुन्या प्रार्थनामंदिराच्या खिडक्या दुरुस्त करायला गोव्याकडचे एक म्हातारे मेस्त्री आले होते. साधी काच आमच्या दुकानातून जायची. मी काच पोचवायला म्हणून गेले आणि त्यांच्या टेबलापाशी जी उभी राहिले, ती ते काम संपेपर्यंत. त्यांनी मला पहिल्या दिवशी काही शिकवलं नाही. फक्त म्हणाले, “घरी जायच्या आधी हात धू. साबणानं, कोपरापर्यंत. आणि या टेबलावर चहासुद्धा प्यायचा नाही.” आज माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांनाही पहिला धडा हाच. निम्मे हसतात. हसा म्हणावं.

आता काम. कागदावर खऱ्या मापाचं चित्र काढायचं. प्रत्येक तुकड्याला नंबर द्यायचा, कागद कापायचा आणि तो काचेवर चिकटवून त्याच्या कडेनं कटर ओढायचा. कटरचं चाक पूर्वी रॉकेलमध्ये बुडवायचो, आता शिलाई मशिनचं तेल घ्या. एक गोष्ट नीट समजून घ्या, काच कापली जात नाही. तिच्यावर ओरखडा पडतो, आणि त्या ओरखड्यावर ती मोडते. ओरखडा एकदाच काढायचा. या काठापासून त्या काठापर्यंत, एका दमात, आणि चर्रर्र असा सारखा आवाज आला पाहिजे. त्याच रेघेवरून पुन्हा कटर फिरवलात की काचही गेली आणि कटरही. मग ओरखड्याच्या दोन्ही बाजूंना अंगठे ठेवून, पोळीचा तुकडा मोडावा तशी मोडायची.

तुकड्यांच्या कडा पाण्याच्या ग्राइंडरवर घासून घ्यायच्या. प्रत्येक कडेला तांब्याची चिकटपट्टी लावायची, दोन्ही अंगांना सारखी दुमडायची आणि आइस्क्रीमच्या काडीनं घासून पक्की बसवायची. चित्रावर तुकडे मांडायचे, सोल्डर तांब्याला नीट धरावं म्हणून फ्लक्स लावायचा आणि सोल्डरिंगनं जोडायचे. सोल्डरिंगची तार म्हणजे कथिल आणि शिसं. बिनशिशाची तार मिळते, पण ती महाग आणि वितळायला हट्टी, म्हणून बहुतेक जण साधीच वापरतात. वितळलेला धातू तांब्यावर पसरतो, गार झाला की गोलसर रेघ उभी राहते. धुऊन घेतलं की त्या रेघेला औषध लावून काळं करायचं. काळ्या रेघेत रंग उठून दिसतात.

झालं. ऐकायला सोपं आहे ना? मोबाइलवरच्या रीलमध्ये तर अर्ध्या मिनिटात मोर तयार होतो. गाणं वाजतं, बाई नखं रंगवून सोल्डरिंग करते, खिडकी बंद, शेजारी कॉफीचा कप. तो कप बघितला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. अगं बाई, धूर कुठं चाललाय? त्या बोटांनीच आता बिस्किट खाणार ना तू?

आणि टांगायचं कसं हे तर कुणी सांगतच नाही. निम्म्या काचा करताना फुटत नाहीत, टांगल्यावर फुटतात. लोक वरच्या कडेच्या बरोबर मधोमध कडी चिकटवतात, कारण मधोमध म्हणजे छान दिसतं! तिथं कडीला धरायला असतं काय? नुसती चिकटपट्टी. सगळं वजन त्या पट्टीवर येतं, ती काचेपासून सुटते आणि मोर जमिनीवर येतो. कडी नेहमी तिथं लावा जिथं आतली उभी रेघ बाहेरच्या कडेला मिळते. कडीची शेपटी त्या रेघेत खाली उतरवून सोल्डर करा, म्हणजे सगळा सांगाडा वजन उचलतो. कड्या दोन हव्यात. टांगायला साखळी घ्या, नायलॉनची तंगूस नको, तंगूस उन्हानं कुजते. आणि साखळी अडकवायची ती लाकडी चौकटीत किंवा भिंतीत गट्टी मारून. पीओपीच्या छताला नाही आणि ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीला तर मुळीच नाही.

हे मी कुठं शिकले? कोयनानगरला. तिथं धरणावर नोकरी करून निवृत्त झालेले एक देसाईकाका होते. त्यांना खिडकीसाठी डोंगरामागचा सूर्य हवा होता. डोंगरातल्या रस्त्यानं मी काच घेऊन गेले, चौकटीत अगदी घट्ट बसवायला निघाले, तर काका म्हणाले, “आणि जमीन हलली की?” तिथल्या माणसांना हा प्रश्न पाऊस आला की छत्री कुठाय, इतका रोजचा. मग आम्ही दोघांनी डोकं लढवलं. काच चौकटीत न बसवता साखळ्यांवर सुटी टांगली, चारी बाजूंना बोटभर जागा सोडली आणि काच भिंतीकडे आली तरी आदळू नये म्हणून खालच्या कोपऱ्यांना जुन्या पट्ट्याच्या चामड्याचे तुकडे लावले. पुढं एकदा काकांचा सकाळीच फोन. “ताई, काल हलली हो. मांडणीवरची भांडी पडली, तुमचा सूर्य नुसता झोका घेत होता.” तेव्हापासून सांगते, टांगलेली काच हलली तरी चालेल, आदळता कामा नये.

आता वाईच्या बाईंची गोष्ट, कारण पुढचं सगळं तिच्याशी बांधलेलं आहे. बाई हौशी, घर आरशासारखं. त्यांच्या जिन्यात मी कृष्णेच्या घाटाचं चित्र करून टांगलं होतं. दिवाळीच्या तोंडावर त्यांचा फोन, आवाजात आनंद मावत नव्हता. “ताई, तुमच्या काचेच्या रेघा काळ्याकुट्ट पडल्या होत्या हो. चिंच लावून लख्ख केल्या मी! चांदीसारख्या झाल्यात.”

कपाळ माझं! मी विचारलं, “त्या चिंचेचं काय केलंत?”

“काय करणार? तांब्याचा हंडा घासला तिनंच. टाकून कशाला द्यायची?”

त्या हंड्यात पिण्याचं पाणी. मी फोनवर इतकी ओरडले की शेजारचा शिंपी मशिन थांबवून बघायला आला. आपल्याकडच्या बाईला धातूवर काळं दिसलं की राहवत नाही, हात आपोआप चिंचेकडे जातो. पण आंबट म्हणून जे काही आहे, चिंच, लिंबू, दही, ताक, ते शिशाला खातं आणि शिसं स्वतःत उतरवून घेतं. चव बदलत नाही, वास येत नाही. काचेच्या रेघा कोरड्या मऊ फडक्यानं पुसा. आंबट लावू नका, घासू नका. काळी रेघ म्हणजे मळ नव्हे, ती मुद्दाम केलेली असते.

तर आता निखिल. मिरजेचा मुलगा, तिशीचा, इंटिरियरची कामं करणारा. दोन हिवाळे माझ्याकडे शिकला. हात असा की काय सांगू! त्याच्या सोल्डरची रेघ बघून मला मेस्त्री आठवायचे. मला त्याचा अभिमान होता, येईल त्याला मी त्याचं काम दाखवायची. आता ते आठवलं की स्वतःचाच राग येतो. मिरजेत त्यानं स्टुडिओ काढला, उद्घाटनाला मीच नारळ फोडला.

गेल्या वर्षी श्रावणाच्या आधी माधवनगरहून मेघना नावाची एक सून माझ्याकडे आली. मोबाइलवर फोटो दाखवला. रंगीत काचेचं, कमळाच्या आकाराचं अभिषेकपात्र. आपण ज्याला गळती म्हणतो ते. पिंडीवर टांगायचं, तळाला बारीक भोक, त्यातून थेंब थेंब पाणी देवावर पडतं. म्हणाली, “आमच्या सासूबाईंना श्रावणात भेट द्यायचंय. असं करून द्याल?”

मी म्हटलं, “नाही. त्यातलं पाणी खाली ताम्हनात पडणार, तेच तुम्ही तीर्थ म्हणून घेणार. जोडाला शिसं असतं. तांब्याची गळती घ्या, चांगली मिळते.” ती “बघते” म्हणून गेली. मला वाटलं, समजली.

श्रावण अर्धा झाला आणि तीच बाई तेच कमळ पिशवीत घालून दारात. “ताई, साखळीची कडी निसटली. जरा बसवून देता?”

मी ते हातात घेतलं. निखिलचा हात मी अंधारातही ओळखीन. बाहेरून सुंदर, खोटं कशाला बोलू? आतून बघितलं तर जोडांवर पांढरी पूड धरलेली आणि आतून मारलेला वार्निशचा थर कांद्याच्या पापुद्र्यासारखा सुटलेला.

“यात काय घालता?”

“एरवी पाणी. भोकात कापसाचा बोळा घालून सासूबाई रात्रीच भरून ठेवतात, सकाळी अभिषेक. सोमवारी पंचामृत पातळ करून.”

पंचामृत. म्हणजे दही. रात्रभर. “आणि तीर्थ कोण घेतं?”

“सगळेच. ईराला तर फार आवडतं, सोमवारी गोड असतं ना. माझी मुलगी. वाटी घेऊनच बसते ती.”

मी तिच्यासमोरच निखिलला फोन लावला. आधी गोडगोड, “मॅडम, कशा आहात?” मी विचारलं, तुला शिसं माहीत नाही का रे? तर म्हणतो, “मॅडम, तुम्ही फार मनावर घेता. आतून कोटिंग आहे. शिवाय खोक्यावर लिहिलंय की, डेकोरेटिव्ह युज ओन्ली.”

“शोभेची आहे? मग तळाला भोक कशाला पाडलंस?”

त्यावर म्हणाला, लोक मागतात, मी नाही दिली तर दुसरा कोणी देईल. अरे, मग दुसऱ्याला देऊ दे की! माझ्या टेबलावर शिकून, माझ्या नळावर हात धुऊन, तुला हेच सुचलं?

मेघना रडकुंडीला आली होती. म्हणाली, “ताई, तुम्हीच चला घरी. माझं अक्का ऐकायच्या नाहीत. श्रावणात अभिषेक मोडायचा नाही म्हणतील. आणि मी दिलेली भेट मीच वाईट कशी म्हणू?” मी दुकान ओढून घेतलं आणि तिच्या गाडीवर मागं बसले.

अक्का म्हणजे तिच्या सासूबाई. मूळच्या आटपाडीकडच्या, माणदेशातल्या मेंढपाळाच्या घरच्या. मालक माधवनगरच्या गिरणीत लागले म्हणून इकडं आल्या, त्यांच्यामागं इथंच राहिल्या. काटक बाई, पदर डोक्यावर, डोळ्यांत धाक. मी शिशाबद्दल सांगायला लागले, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “आवं बाई, द्येवाच्या अंगावनं आल्यालं पानी हाय ते. त्याला कुटलं आलंय इख?”

मी रक्त, मेंदू, लहान मुलांची वाढ, सगळं सांगितलं. ढिम्म. उलट मलाच म्हणाल्या, “तुमच्याकडनं घ्येतलं न्हाई म्हनून राग आला व्हय?” असा संताप आला मला! पण म्हातारीशी भांडून काय करणार? माझी नजर स्वयंपाकघराकडे गेली. फळीवर पितळी पातेलं कलतं ठेवलेलं, आतून पांढरंशुभ्र.

“अक्का, त्या पातेल्याला कल्हई कधी केली?”

“औंदाच. कल्हईवाला आला हुता गाडीवर. का वं?”

“कल्हई नसती तर त्यात ताक ठेवलं असतं?”

“आता गं बया! ताक कळकंल की. मानूस मरंल असलं पिऊन.”

“मग या कमळात तुम्ही रात्रभर काय ठेवता?”

अक्कांनी हात पुढं केला. मी कमळ दिलं. त्यांनी ते उजेडात धरलं, आत बोट घातलं, ती पांढरी पूड अंगठ्यानं चोळली आणि वास घेतला. त्यांना कुठलंही रसायनशास्त्र नको होतं. कळकलेलं भांडं काय असतं ते त्यांच्या आईनं त्यांना चुलीपाशी शिकवलं होतं. फक्त काच कळकते असं कोणी कधी सांगितलं नव्हतं, कारण काच कळकत नाहीच. कळकतो तो तिचा जोड.

“मेघने,” त्या म्हणाल्या, “पोरीला आत्ताच्या आत्ता डागदरकडं ने.”

सुनेवर एक शब्द रागाचा नाही. देवघरात सकाळचं तीर्थ गडव्यात उरलेलं होतं. ते घेऊन तुळशीकडं निघाल्या, मी म्हटलं, “तुळशीत नको, मातीत मुरेल.” मग विचारलं, “किस्नंत सोडू?” मी म्हटलं, “अक्का, सगळी सांगली पिते ते पाणी.” त्या बघतच राहिल्या. देवाचं पाणी, आणि ते ठेवायला जगात जागा नाही! शेवटी झाकणाच्या काचेच्या बरणीत ओतून फळीवर उंच ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून अभिषेक जुन्या तांब्याच्या गळतीनं.

ईराचं रक्त मिरजेत तपासलं. शिसं निघालं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर थांबलात, पण पुन्हा तपासत राहावं लागेल. मुलगी हसती खेळती आहे, दिसायला काही नाही. हीच तर या धातूची हरामखोरी आहे, दिसत काही नाही.

रिपोर्ट आला त्याच दिवशी अक्का एकट्या रिक्षानं माझ्या दुकानात आल्या. हातात ती बरणी आणि पळी, काखेला पिशवी, पिशवीत कमळ. “चला. त्या पोराचं दुकान दावा.”

मी वाटेत पुष्कळ समजावलं, मी बोलते, तुम्ही त्रास करून घेऊ नका. त्या रिक्षातून बाहेर बघत होत्या.

निखिलच्या स्टुडिओच्या दर्शनी खिडकीत तशीच कमळं टांगलेली, आत दिवे सोडलेले, झगमगाट नुसता. मला बघून तो चपापला, पण म्हातारं माणूस सोबत बघून वाकून नमस्कार केला. संस्कार चांगले आहेत मुलाचे, तेच तर दुःख आहे. अक्कांनी बरणीचं झाकण काढलं, पळी बुडवली आणि म्हणाल्या, “घे बाबा, तीर्थ हाय. म्हादेवाचं.”

तीर्थ म्हटल्यावर आपल्या माणसाचा हात आपोआप पुढं येतो. त्याचाही आला. उजव्या हाताचा पसा, खाली डावा हात. अक्कांनी पळी रिकामी केली.

“तुझ्याच गळतीतलं हाय,” त्या म्हणाल्या.

हात तोंडाकडे निघाला होता, तो मधेच थांबला. त्यानं माझ्याकडे बघितलं. “मॅडम...” मी त्याला जे शिकवायचं ते कधीच शिकवलं होतं.

“पी की रं,” अक्का म्हणाल्या. “माझी नात रोज पीत हुती.”

तो पिईना. सांडताही येईना, तीर्थ पायदळी कसं सांडणार? पाणी बोटांतून ठिबकायला लागलं, तसा तो खालच्या हातात ते धरायला धडपडू लागला. तीर्थ हातात घेऊन न पिणारा माणूस मी आयुष्यात पहिल्यांदा बघितला.

अक्कांनी बरणी त्याच्या हाताखाली धरली, उरलेलं त्यात ओतून घेतलं, झाकण लावलं. मग कोपऱ्यातलं स्टूल ओढून खिडकीसमोर ठेवलं आणि त्यावर बसल्या.

“आता हात धू,” त्या म्हणाल्या, “आन् ह्या समद्या उतरीव. मी हितंच बसत्ये.”